कपाळावरचा अंगठा

हेमराज सुपडू चौधरीला तुम्ही कधी नुसतं बसलेलं पाहिलं असेल, तर तो हेमराज नव्हताच, दुसरा कोणीतरी असेल. दीपनगरच्या वीज केंद्रात तो फिटर आहे. कोळसा दळणाऱ्या चक्क्यांची दुरुस्ती करता करता पंधरा वर्षं झाली, आणि आता चक्कीचा आवाज जरासा बदलला तरी त्याला डबा खाता खाता कळतं. कामावर ही विद्या फार मोलाची. घरात मात्र तिचा जाच होतो. लग्नाच्या पंगतीत बसला की हा आधी हलणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सारणार. दवाखान्यात नंबर लावून बसला की समोरच्या दाराची सैल कडी त्याला बघवणार नाही. पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला गेला, तेव्हा सासऱ्यांशी चार शब्द बोलायचे सोडून त्यांचा पंखा खाली उतरवून बसला होता. ज्योत्स्ना, म्हणजे त्याची बायको, मैत्रिणींना सांगते, "आमच्या ह्यांना हात नाहीतच, बोल्ट आवळायचे दोन पाने आहेत."

त्यांना एकच मुलगा, दुर्वेश. वय आठ, तिसरीत. शांत पोरगं. बोलण्याआधी दोन क्षण थांबायचं, आणि ते दोन क्षणही हेमराजला काढवत नसत.

पोराच्या हातात मोबाईल राहू नये म्हणून हेमराजने दोन वर्षांपूर्वी एक नेम केला. आठवड्याची सुट्टी कोणत्याही वारी येवो, त्या दिवशी बापलेकाने मिळून काहीतरी बनवायचं. बाभळीच्या लाकडाचा भोवरा झाला. कामट्या तासून पतंग झाले. केळीच्या सोपटाची होडी झाली आणि ती क्वार्टरच्या टाकीत तरंगलीही. चिमण्यांसाठी घर झालं, जुन्या सायकलच्या चेनचा घोडा झाला. कॉलनीतली माणसं म्हणायची, पोरगं नशीबवान आहे हो. हेमराजलाही ते पटायचं. लोकांच्या बापांना वेळ नसतो, आपण वेळ काढतो, पाळी बदलून काढतो, पंडितच्या हातापाया पडून काढतो. पंडित हा त्याचा पाळीतला जोडीदार, ह्याच्या सुट्टीपायी बिचाऱ्याने दोन सण कामावर काढले होते.

आतली गोष्ट वेगळी होती आणि ती हेमराजने कोणालाच सांगितली नव्हती. त्याचे वडील सुपडूनाना, सावद्याचे केळीवाले शेतकरी, हाताचे मोठे कसबी. मोटेचं सामान, वखर, पाभर, खाट विणणं, बैलांची वेसण वळणं, सगळं घरीच करायचे. हेमराज लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरायचा. नाना त्याला एकच काम द्यायचे. "धर नीट. हालू नको." दोरीचं टोक धर, कंदील धर, पाभरीचं नळं धर. चुकून स्वतः काही करायला गेला की नाना त्याच्या हातातून ते काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू बाजूले सर. तुह्याच्यानं नई व्हनार." हे वाक्य ऐकत ऐकत हेमराज मोठा झाला, आयटीआय झाला, नोकरीला लागला, आणि आपला मुलगा झाला की त्याला आपण बाजूला सारायचं नाही अशी त्याने मनाशी गाठ मारली.

जुलैमध्ये शाळेने मुलांकडून एक तक्ता भरून घेतला. ज्योत्स्नाने तो हेमराजच्या ताटाशेजारी ठेवला आणि भाजी वाढायला गेली. 'माझा छंद' असा रकाना होता. त्यात दुर्वेशने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पप्पांना सामान धरून देणे.

हेमराज आधी हसला. मग त्याने पुन्हा वाचलं. मग हात न धुताच उठला आणि स्वयंपाकघराचा नळ गळत नसताना त्याचं वायसर बदललं.

"गळत होता का तो?" ज्योत्स्नाने विचारलं.

"गळणार होता."

"पोराने काय चुकीचं लिहिलंय सांगा. भोवरा कोणी तासला? पतंगाला कन्नी कोणी बांधली? त्याने होडीला हात लावला तर तुम्ही म्हणालात, थांब, वाकडी होईल."

"वाकडीच होणार होती."

"मग होऊ द्यायची होती," ती म्हणाली. हेमराजने दुसऱ्या नळाचंही वायसर बदललं.

त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. नानांनी चार वर्षांपूर्वी बैलजोडी विकली होती. पाल गावाकडच्या रुपसिंगने नेली, डोंगराखालच्या जमिनीत ट्रॅक्टर चालत नाही म्हणून. सावद्याच्या गोठ्यात आता ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली असतात. तरी पोळ्याला नाना पाट मांडतात आणि कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. घरात बैल नाही म्हणून पोळा चुकवायचा नाही, हा त्यांचा हट्ट.

"पोयाले या सगये," नाना फोनवर म्हणाले. "कुंभार औंदा गावाले गेला. जोडी भुसावयाहून आना."

फोन स्पीकरवर होता. कोपऱ्यात चित्र काढत बसलेला दुर्वेश दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "नाना, विकत नका आणू. मी बनवून आणतो. चांद्या मी बनवतो."

चांद्या म्हणजे त्या विकलेल्या जोडीतला डावा बैल. तांबडा रंग, आणि कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका. पोळ्याला नाना दुर्वेशला कडेवर घेऊन चांद्यासमोर उभे करायचे आणि त्याचा इवलासा अंगठा कुंकवात बुडवून त्या ठिपक्यावर टेकवायचे. पोरगं तेव्हा जेमतेम चार वर्षांचं. हे सगळं त्याच्या लक्षात असेल असं हेमराजच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे तो हे साफ विसरला होता, असंच म्हणायला हवं.

"तू बनवशीन?" नाना म्हणाले. "बरं. पाहू."

झालं. हेमराजच्या अंगात वारं शिरलं. पोराने स्वतः तोंडाने काहीतरी मागितलं होतं, आणि तेही नानांसमोर. ह्या वेळी सगळं पोराच्या हाताने होऊ द्यायचं. त्याने ज्योत्स्नाला तसा शब्द दिला. जोडीतला एक बैल दुर्वेशचा, एक आपला, कोणी कोणाच्या बैलाला हात लावायचा नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "लिहून द्या." त्याने खरंच कॅलेंडरवर लिहून दिलं.

पहिली खेप फुकट गेली. हेमराजने शेताच्या बांधावरची काळी माती आणली. ती ओली असेपर्यंत लोण्यासारखी वागते आणि वाळली की उभी आडवी तडकते. दोन दिवसांत दोन्ही बैलांचे पाय गळून पडले. मग हेमराजला आपल्या वीज केंद्रातल्या जळलेल्या कोळशाची राख आठवली. दीपनगरच्या आसपास राखेच्या विटा पाडणारे आहेत, त्यांच्याकडून पिशवीभर राख आणली, वस्त्रगाळ केली, मातीत कालवली. तीन वाटे माती, एक वाटा राख. ही दुसरी माती तडकेना. रंगही मोठा नामी आला, खिल्लारी बैलासारखा करडा. हेमराज इतका खूश झाला की त्याने पंडितला कामावर त्याचा नमुना नेऊन दाखवला.

सुट्टीच्या दिवशी बापलेक गॅलरीत बसले. हेमराजचे हात सपासप चालले. तासाभरात वशिंड, गळ्याखालची पोळी, खूर, शेपटीचा गोंडा, सगळं जागच्या जागी. दुर्वेश मात्र एकेक गोळा घेऊन बघत बसायचा. त्याचा बैल बुटका होत होता. मान जाड, एक शिंग लांब, दुसरं आखूड, मागचे पाय पुढच्यांपेक्षा मोठे. हेमराजने आपले हात मांडीखाली दाबून धरले. मग उठला, पाणी प्यायला, परत आला. पुन्हा उठला, मोटारसायकलचा प्लग पुसून आला. एकदा त्याचं बोट आपोआप त्या आखूड शिंगाकडे गेलं तेव्हा दुर्वेशने बैल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. शेवटी हेमराज गोणपाट भिजवायला नळाकडे गेला असताना पोराने आपला उजवा अंगठा पाण्यात बुडवला, बैलाच्या कपाळावर टेकवला आणि बराच वेळ दाबून धरला.

"झाला," तो म्हणाला.

दोन्ही बैल ओल्या गोणपाटाखाली सावलीत वाळत ठेवले. पोळ्याला सहा दिवस होते.

त्या आठवड्यात हेमराजची दुसरी पाळी होती. म्हणजे सकाळ घरी, आणि दुर्वेश शाळेत. रोज सकाळी चहा घेऊन तो गॅलरीत जायचा, गोणपाट उचलायचा, बघायचा आणि झाकायचा. पहिल्या दिवशी बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, मागचा पाय कलतोय. हा पाय पोळ्याच्या आधी नक्की मोडणार, आणि मोडला की पोरगं नानांसमोर तोंडघशी पडणार, आणि नाना ते वाक्य म्हणणार. ते वाक्य पोराच्या कानावर पडता कामा नये. ही काळजी खरी होती, त्यात काही खोट नव्हती.

त्याने ओली माती घेऊन पायाला जोड दिला. एवढंच करायचं होतं. पण पाय नीट झाल्यावर पोट लोंबतंय असं दिसलं. पोट चापून बसवलं तेव्हा मान डोळ्यांत खुपायला लागली. कामावर ह्याला शटडाऊन म्हणतात. चक्की एकदा बंद केली की जे जे दिसेल ते सगळं उरकून घ्यायचं, कारण पुन्हा बंद करायला मिळत नाही. हेमराजने शटडाऊन घेतला. शिंगं सारखी केली. आणि अगदी शेवटी त्याला कपाळावर एक खळगा दिसला. कुठेतरी आपटला असेल, असं त्याला वाटलं. त्याने चिमूटभर माती भरली, बोट ओलं करून वरून फिरवलं आणि कपाळ गुळगुळीत केलं.

दुपारी तो कामावर निघून गेला. जाताना शीळ घालत होता.

दुर्वेशने शाळेतून आल्यावर गोणपाट उचललं. ज्योत्स्ना सांगते की तो ओरडला नाही, रडला नाही. बैल हातात घेऊन त्याने कपाळावर अंगठा ठेवून पाहिला. मग तो बैल हेमराजच्या बैलाशेजारी नीट उभा करून ठेवला आणि अभ्यासाला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजने हौसेने विचारलं, "काय रे, पाहिलास का चांद्या? कसा टणक झालाय."

दुर्वेश दप्तर भरत होता. दोन क्षण थांबून म्हणाला, "तो माझा नाहीये."

"अरे, तुझाच आहे. मी फक्त पाय..."

"तुम्ही दोन्ही घेऊन जा. मी धरतो गाडीवर," पोरगं म्हणालं आणि शाळेत गेलं.

त्यानंतरचे दोन दिवस हेमराजने कसे काढले ते त्यालाच माहीत. कामावर त्याने एक बोल्ट दोनदा सोडून दोनदा आवळला. घरी सकाळी दुर्वेश शाळेला निघेपर्यंत त्याच्या अवतीभोवती घिरट्या घालायचा. पतंग बनवायचा का? भोवरा रंगवायचा का? पोरगं नाही म्हणत नव्हतं, तेच वाईट होतं. ते निमूटपणे येऊन बसायचं आणि हात पुढे करायचं, काय धरायचं ते द्या म्हणून. एका रात्री ज्योत्स्नाने, दुर्वेशने बैलाच्या कपाळावर अंगठा ठेवून पाहिला ते सांगितलं, आणि तो खळगा म्हणजे चांद्याचा ठिपका होता हे त्याच्या लक्षात आलं. कॅलेंडरवर स्वतःच्या अक्षरातला शब्द रोज समोर दिसत होता. ज्योत्स्नाने तो खोडला नाही आणि त्यावरून टोमणाही मारला नाही. तिने मारला असता तर हेमराजला बरं वाटलं असतं. आपण पोराला बाजूला सारणार नव्हतो. आपण तर त्याच्या पाठीमागे, तो घरात नसताना सारलं. नाना निदान तोंडावर सांगायचे. हे कळल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो आणखीच सैरभैर व्हायचा.

पोळ्याच्या दिवशी तिघं मोटारसायकलवर सावद्याला निघाले. दुर्वेश मधे, मांडीवर बुटाचं खोकं, खोक्यात जोडी. तापीचा पूल ओलांडताना त्याने खोकं दोन्ही हातांनी धरलं. वाटेत गावोगावी बैल धुवून उभे केले होते, शिंगांना रंग, पाठीवर झुली. हेमराजने दोनदा गाडी थांबवली, एकदा चेन बघायला आणि एकदा उगाच.

नानांनी ओसरीवर पाट मांडून ठेवला होता. ज्वारीची रास, हळद, कुंकू, दोन वेसणी स्वतःच्या हाताने वळलेल्या, बोटभर लांबीच्या. त्यांचे हात आता थरथरतात, पण गाठ अजून सुटत नाही. त्यांनी खोकं उघडलं, दोन्ही बैल पाटावर ठेवले आणि डोळे बारीक केले.

"वा," ते म्हणाले. "जोडी जमली. याच्यातला तुह्या कोनता रे पोरा?"

दुर्वेशने हेमराजकडे पाहिलं नाही. "माझा नाही आणला," तो म्हणाला. "हे दोन्ही पप्पांचे आहेत."

नानांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं. त्यांचं तोंड उघडलं. ते वाक्य आता येणार, हे हेमराजला पस्तीस वर्षांच्या सवयीने कळलं.

"नाना, त्याने बनवला होता," हेमराज घाईने म्हणाला. "चांगला बनवला होता. मी बिघडवला. तो शाळेत गेला असताना मी त्याला हात लावला आणि कपाळावरचा त्याचा अंगठा पुसून टाकला. तो अंगठा म्हणजे चांद्याचा ठिपका होता, मला कळलं नाही." मग तो दुर्वेशकडे वळला. पोराशी असं बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द अडखळत आले. "चूक माझी झाली, बाळा. तू चांद्या बनवतो म्हणाला होतास, तरी मला दिसलं नाही."

ज्योत्स्ना दारात पुरणाचं पातेलं घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. दुर्वेश दोन क्षण थांबला. हेमराजने ते दोन क्षण पहिल्यांदाच पूर्ण काढले.

"गावचे बैल दारात किती वाजता येतात?" पोराने विचारलं.

"दिवे लागायच्या येयी," नाना म्हणाले.

"मग वेळ आहे," असं म्हणून दुर्वेश चपला न घालता मागच्या केळीत गेला. ठिबकची एक नळी जिथे झिरपत होती तिथली माती त्याने ओंजळीने आणली आणि ओसरीच्या पायरीवर बसला. तीच काळी माती, राख नाही, चाळणी नाही. उद्या तडकणार, परवा पाय गळणार, हे हेमराजला लख्ख दिसत होतं. त्याला सांगायचं होतं की थोडी राख मागवू, निदान गवताची एक काडी आत घाल म्हणजे पाय टिकेल. त्याने दात आवळले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. नाना काठी टेकवत येऊन दोघांच्या मधे बसले.

बैल हळूहळू उभा राहत होता. पुन्हा बुटका, पुन्हा मान जाड. एक शिंग लांब झालं. दुसऱ्या शिंगासाठी पोराने माती घेतली ती नखाएवढीच. हेमराजचे दोन्ही हात गुडघ्यांवर वळवळत होते. त्याने ते एकमेकांत अडकवले, सोडवले, परत अडकवले.

"असे शिंगं कुठी असता?" नाना पुटपुटले. "आन इकडे, तुह्याच्यानं..." आणि त्यांचा थरथरता हात बैलाकडे निघाला.

हेमराजने तो मनगटाशी धरला.

आयुष्यात त्याने बापाचा हात असा कधी धरला नव्हता. नानांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ओढून घ्यायचा प्रयत्नही केला, आणि म्हाताऱ्याच्या हातात जोर होता अजून. हेमराजने सोडला नाही. "नाना, राहू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याचं चाललंय. तुम्ही आणि मी नुसतं बसू."

नानांनी आपल्या हाताकडे पाहिलं, आणि त्यावरच्या हेमराजच्या हाताकडे पाहिलं. दोन्ही सारखेच, मोठ्या पेरांचे, आणि दोन्हींना स्वस्थता नव्हती. नानांची बोटं बराच वेळ हेमराजच्या मुठीत चुळबुळत राहिली. हेमराजला ती आपलीच बोटं वाटली. पुढे ती हळूहळू निवली, किंवा दमली असतील.

गल्लीच्या टोकाला घुंगरांचा आवाज सुरू झाला. ज्योत्स्नाने ओसरीवरचा दिवा लावला. दुर्वेशने पाटावरचा एक बैल उचलून बाजूला ठेवला, शटडाऊनवाला, आणि त्या जागी आपला ओला बैल ठेवला. तो जरा कलला. कोणीही तो सरळ केला नाही.

मग पोराने अंगठा कुंकवात बुडवला आणि बैलाच्या कपाळावर टेकवून दाबून धरला. नाना आणि हेमराज पायरीवर तसेच एकमेकांचा हात धरून बसले होते.